टॉर्च पॅनेलचे परीक्षण: गर्भाचे रक्षण कशाने होते आणि ही तपासणी काय मोजते

गर्भधारणेची खात्री झाल्यावर, आणि विशेषतः आधी एखाद-दोन गर्भपात झालेले असल्यास, लिहून दिल्या जाणाऱ्या तपासण्यांत ‘टॉर्च पॅनेल’ हे नाव हमखास दिसते. हातातून काढलेल्या नळीभर रक्तात टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलोव्हायरस आणि हर्पिस या चार जंतूंविरुद्धची प्रतिपिंडे मोजायची आणि आठ किंवा दहा आकड्यांचा अहवाल द्यायचा, असे या संचाचे स्वरूप आहे. पुष्कळ प्रयोगशाळा तो गरोदरपणाच्या ‘संपूर्ण तपासणी’त घालून देतात, आणि घेणाऱ्या स्त्रीची साहजिकच अशी समजूत होते की अहवाल चांगला आला म्हणजे आईकडून बाळाला होणाऱ्या संसर्गाची चिंता मिटली. असे अहवाल वाचून त्यांवर अभिप्राय लिहिणे हा माझ्या कामाचा भाग आहे. कोणत्याही एका कंपनीचे किट किंवा एका प्रयोगशाळेची सेवा माझ्यासमोर नाही. येथे परीक्षण आहे ते या संचाचेच. मत सुरुवातीलाच नोंदवते: यातले काही घटक योग्य वेळी सुटे करून घेतले तर फार मोलाचे आहेत, पण चौघांची मोट बांधून सगळ्या गर्भवतींना सरसकट दिलेला संच मला पटत नाही.

एखाद्या साधनाचे मोल ठरवायचे तर ते ज्या कामासाठी घेतले जाते ते काम मुळात कसे होते, हे आधी पाहावे लागते. गरोदर स्त्रीला सर्दी होते, ताप येतो, लघवीच्या मार्गात संसर्ग होतो, दाताच्या मुळाशी पू धरतो, आणि तरीही बहुतेक वेळा पोटातल्या बाळापर्यंत त्यातले काहीच पोहोचत नाही. याचे श्रेय मुख्यतः वारेला, म्हणजे प्लॅसेंटाला, द्यावे लागते. आईचे आणि बाळाचे रक्त वारेत एकमेकांत मिसळत नाही. बाळाच्या रक्तवाहिन्या सूक्ष्म अंकुरांच्या आत असतात, आईचे रक्त त्या अंकुरांभोवतीच्या पोकळीत खेळते, आणि दोहोंच्या मध्ये सिन्सिशिओट्रोफोब्लास्ट नावाचा थर असतो. शरीरातली इतर आवरणे सुट्या पेशी एकमेकींना चिकटून बनलेली असतात आणि पेशींमधल्या सांध्यांतून जंतूंना शिरकाव करण्यास वाव मिळतो. हा थर मात्र असंख्य पेशी एकमेकींत विलीन होऊन तयार झालेला आहे; त्यात केंद्रके अगणित, पण मध्ये पेशीपटल एकही नाही, आणि त्यामुळे सांधाही नाही. पूर्ण दिवसांच्या वारेत या एकसंध थराचे क्षेत्रफळ सुमारे १२ चौरस मीटर भरते. लिस्टेरियासारखा जिवाणू पेशीवरच्या ई-कॅडहेरिन या प्रथिनाला धरून आत शिरतो. ते प्रथिन प्रामुख्याने पेशींच्या सांध्यांवर असते आणि या थराच्या आईकडील बाजूवर जवळजवळ सापडत नाही. शिवाय पृष्ठभागाखाली ॲक्टिन तंतूंचे दाट जाळे असते, तेही जंतूला सहज आत घेत नाही.

या थराला नुसता अडसर समजणे मात्र अपुरे ठरेल. पिट्सबर्ग विद्यापीठातील कॅरोलिन कॉइन यांच्या गटाने २०१६ साली असे दाखवले की, इतर पेशी सहसा विषाणू शिरल्यावर इंटरफेरॉन ही विषाणूविरोधी प्रथिने सोडू लागतात, तर वारेच्या या पेशी लॅम्डा गटातले इंटरफेरॉन कोणताही संसर्ग नसताना सतत स्रवत राहतात आणि त्यायोगे झिकासारख्या विषाणूंना दाद देत नाहीत. पहिल्या दहा-बारा आठवड्यांत तर आईचे रक्त वारेच्या पोकळीत मोकळेपणी येतच नाही. गर्भाशयाच्या धमन्यांच्या तोंडाशी ट्रोफोब्लास्ट, म्हणजे वारेच्या बाह्य थराच्या, पेशींची बुचे बसलेली असतात आणि गर्भाचे पोषण गर्भाशयाच्या ग्रंथींच्या स्रावावर चालते. त्या पलीकडे गर्भाशयाच्या अस्तरात नैसर्गिक मारक पेशी मोठ्या संख्येने असतात. त्यांचे एक काम मला विशेष थक्क करते: लिस्टेरिया शिरलेल्या ट्रोफोब्लास्ट पेशीला त्या अतिसूक्ष्म नळीने जोडून घेतात, ग्रॅन्युलायसिन हे प्रथिन आत सोडून जिवाणू मारतात आणि ज्या पेशीत तो लपला होता ती पेशी जिवंत ठेवतात. एरवी मारक पेशी संसर्ग झालेल्या पेशीलाच संपवतात. येथे तसे केले असते तर वारेलाच भोके पडली असती. योनिमार्गाकडून वर चढणाऱ्या जंतूंसाठी गर्भाशयमुखातला चिकट श्लेष्म्याचा बूच, गर्भाभोवतीची आवरणे आणि गर्भजलातली लायसोझाइम, लॅक्टोफेरिन, डिफेन्सिन ही द्रव्ये अशी वेगळी व्यवस्था आहे.

याच वारेने जंतू अडवताना प्रतिपिंडे मात्र आत घ्यायची असतात, आणि टॉर्चचा अहवाल समजण्यासाठी हा भाग नीट लक्षात घ्यावा लागतो. आईच्या रक्तातली आयजीजी प्रतिपिंडे (संसर्गानंतर किंवा लसीनंतर दीर्घकाळ टिकणारा प्रकार) वारेच्या थरात सूक्ष्म पिशव्यांतून ओढली जातात. पिशवीतली आम्लता वाढली की एफसीआरएन नावाचा ग्राहक त्यांना घट्ट धरतो, पलीकडच्या बाजूला नेतो आणि तेथे आम्लता उतरल्यावर सोडून देतो. ही वाहतूक साधारण १३व्या आठवड्यापासून सुरू होते, पण तिचा वेग बराच काळ मंद असतो. २०व्या आठवड्याच्या आसपास बाळाच्या रक्तातले आयजीजीचे प्रमाण आईच्या प्रमाणाच्या एक-दशांशाच्या आसपासच असते, ३०व्या आठवड्याच्या सुमारास ते निम्म्यावर येते आणि पूर्ण दिवस भरल्यावर आईपेक्षाही अधिक होते. म्हणजे आईच्या आयुष्यभराच्या आजारांची आणि लसींची पुंजी बाळाला मिळते ती मुख्यतः शेवटच्या दहा आठवड्यांत, आणि खूप अपुऱ्या दिवसांचे मूल संसर्गाला चटकन बळी पडते त्याचे एक कारण हेच आहे. आयजीएम हे प्रतिपिंड पाच घटक जोडून बनलेले असते आणि एफसीआरएन त्याला धरत नाही, म्हणून ते वार ओलांडत नाही. त्यामुळे नवजात बाळाच्या रक्तात एखाद्या जंतूविरुद्ध आयजीएम सापडले तर ते बाळाने स्वतः तयार केलेले, म्हणजेच संसर्ग बाळापर्यंत पोहोचल्याचे लक्षण समजतात. आयजीजी सापडले तर मात्र ते आईचे असू शकते आणि पहिल्या वर्षभरात हळूहळू नाहीसे होते.

ही सारी व्यवस्था भेदणारे जंतू मोजकेच आहेत. त्यांतले बरेचसे एकसंध थराच्या वाटेला न जाता, जेथे वार गर्भाशयाच्या अस्तरात रुजलेली असते आणि ट्रोफोब्लास्ट पेशी सुट्या असतात, तेथून वाट काढतात. वार भेदली जाण्याची शक्यता आणि त्यातून होणारे नुकसान या दोन गोष्टी मात्र एकाच दिशेने चालत नाहीत. टॉक्सोप्लाझ्माचा नवा संसर्ग पहिल्या तिमाहीत झाला तर तो गर्भापर्यंत जाण्याची शक्यता साधारण १० ते १५ टक्के असते आणि शेवटच्या तिमाहीत ती ६० टक्क्यांच्याही पुढे जाते. पण मेंदूला आणि डोळ्यांना होणारी गंभीर इजा आधीच्या संसर्गातच जास्त आढळते. रुबेलाचे उलट आहे: पहिल्या दहा-बारा आठवड्यांत संसर्ग झाल्यास गर्भात दोष निर्माण होण्याची शक्यता ८५ ते ९० टक्क्यांपर्यंत असते आणि २०व्या आठवड्यानंतर ती नगण्य होते. म्हणून या विषयात ‘संसर्ग आहे का’ या प्रश्नाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, ‘संसर्ग केव्हा झाला’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. टॉर्च पॅनेलची खरी परीक्षा याच प्रश्नावर आहे, आणि तेथेच ते कमी पडते.

या संचाचा जन्म कशासाठी झाला हे पाहिले तर त्याचे कारणही कळते. सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली जन्मतः मोतीबिंदू असलेल्या ७८ बाळांची नोंद मांडली आणि त्यांतल्या बहुतेकांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला होता हे दाखवले. आईचा साधा पुरळाचा आजार गर्भाला कायमचे अधू करू शकतो, हे तेव्हा वैद्यकाला प्रथम नीट उमगले. पुढे १९७१ साली आंद्रे नहमियास आणि सहकाऱ्यांनी एकसारखी लक्षणे दाखवणाऱ्या जन्मजात संसर्गांसाठी ‘टॉर्च’ (टॉक्सोप्लाझ्मा, ‘अदर’ म्हणजे इतर, रुबेला, सायटोमेगॅलोव्हायरस, हर्पिस) हे आद्याक्षरी नाव रूढ केले. कावीळ, वाढलेली प्लीहा, लहान डोके, अंगावर जांभळे ठिपके अशी लक्षणे असलेले नवजात मूल समोर आल्यावर डॉक्टरांनी कोणकोणत्या संसर्गांचा विचार करावा, याची ती आठवण होती. आजारी बाळासाठी केलेली ही यादी पुढे निरोगी आईच्या तपासणीचा संच म्हणून वापरात आली, आणि आजारी बाळात एखादा संसर्ग सापडण्याची शक्यता व निरोगी स्त्रीत तो सापडण्याची शक्यता यांत किती अंतर आहे, हे त्या स्थलांतरात हरवले.

आता प्रत्यक्ष अहवाल उघडू. डावीकडे जंतूचे नाव, मग आयजीजीचा आकडा, मग आयजीएमचा आकडा, आणि उजवीकडे संदर्भमर्यादा असा तक्ता असतो. रुबेला आयजीजीचा आकडा बहुधा आंतरराष्ट्रीय एककांत येतो आणि प्रति मिलिलिटर १० एकके ही संरक्षणाची रूढ सीमा मानली जाते. बाकी बरेच आकडे ‘इंडेक्स’ म्हणून दिलेले असतात, म्हणजे नमुन्याची खूण किटच्या ठरलेल्या मर्यादेच्या किती पट आली एवढेच ते सांगतात. एका कंपनीच्या किटवरचा इंडेक्स दुसऱ्या कंपनीच्या किटवरच्या इंडेक्सशी ताडून पाहता येत नाही, आणि आकडा मोठा म्हणजे आजार मोठा असेही नसते. सीमेच्या आसपासच्या आकड्यापुढे ‘बॉर्डरलाइन’ किंवा ‘इक्विव्होकल’ असे छापून येते. प्रयोगशाळेच्या दृष्टीने तो प्रामाणिक शब्द आहे, पण गर्भवतीच्या हातात तो पडला की पुढचे दोन आठवडे घरात कोणालाही झोप लागत नाही. इतक्या नाजूक विषयावरचा अहवाल अर्थ लावल्यावाचून थेट मोबाइलवर पाठवणे हा सेवेतला दोष आहे, असे मी मानते.

रुबेलाच्या घटकाला मी चांगले गुण देईन, पण वेळेची अट घालून. गर्भधारणेआधी आयजीजी तपासले, ते नाही असे आढळले आणि लस देऊन महिनाभर गर्भधारणा टाळली, तर या एका आकड्याने पुढचा सगळा धोका टळतो. गर्भ राहिल्यावर मात्र ही जिवंत विषाणूची लस देत नाहीत, त्यामुळे तेव्हा कळलेली उणीव प्रसूतीनंतरच्या लसीकरणासाठी आणि तोवर पुरळ आलेल्या रुग्णांपासून लांब राहण्यासाठीच उपयोगी पडते. इंग्लंडने एप्रिल २०१६ पासून गरोदरपणातली रुबेलाची सरसकट तपासणी बंद केली; लसीकरणामुळे आजार अतिशय विरळ झाला होता आणि तपासणीने चालू गर्भारपणातले बाळ वाचत नव्हते. मग संचातले रुबेला आयजीएम कशासाठी? पुरळ आलेल्या किंवा रुग्णाच्या संपर्कात आलेल्या स्त्रीसाठी ते योग्य आहे. ज्या स्त्रीला यांतले काहीच झालेले नाही तिच्या रक्तात ते मोजण्याचे मला एकही सबळ कारण दिसत नाही.

आयजीएम हे या संचाचे सर्वांत कच्चे अंग आहे. नव्या संसर्गात आयजीएम आधी वाढते आणि मग ओसरते, हे पाठ्यपुस्तकातले चित्र खरे असले तरी शरीर ते वेळापत्रक पाळेलच असे नाही. टॉक्सोप्लाझ्माचे आयजीएम संसर्गानंतर वर्षभर किंवा त्याहूनही जास्त काळ रक्तात दिसत राहू शकते. संधिवाताशी संबंधित प्रतिपिंडे, दुसराच एखादा विषाणू, किंवा गरोदरपणातले नेहमीचे बदल यांनीही किटवर खोटी खूण उमटते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली टॉक्सोप्लाझ्मा आयजीएमच्या किटविषयी डॉक्टरांना सावध करणारी सूचनाच काढली होती, ती यासाठी की एका आयजीएमच्या भरवशावर गर्भपातासारखे निर्णय घेतले जाऊ नयेत. हिशेब साधा आहे. समजा, १००० गर्भवतींपैकी दोघींना खरोखर नवा संसर्ग झाला आहे, तपासणी त्या दोघींना बरोबर पकडते आणि संसर्ग नसलेल्यांपैकी शेकडा फक्त दोघींना चुकीने सकारात्मक दाखवते. तरीही सकारात्मक अहवाल २२ जणींचे येतील आणि त्यांतल्या २० जणींना काहीही झालेले नसेल. किट वाईट नसतानाही हे घडते, कारण शोधायची गोष्ट विरळ आहे. एकीऐवजी चार जंतूंची आयजीएम एकत्र मागवली की अशी खोटी खूण कुठेतरी उमटण्याची शक्यता आणखी वाढते, आणि मग साप समजून भुई धोपटणे सुरू होते.

यावर उतारा म्हणून आयजीजी अव्हिडिटी ही तपासणी आहे, आणि कोणत्याही टॉर्च पॅनेलविषयी माझा पहिला प्रश्न हाच असतो की त्याच प्रयोगशाळेत ती होते का. संसर्ग ताजा असताना तयार झालेली प्रतिपिंडे जंतूच्या प्रथिनाला सैल चिकटतात आणि काही महिन्यांत ती पकड घट्ट होत जाते. तपासणीत युरियासारख्या द्रव्याने धुऊन किती प्रतिपिंडे टिकून राहतात ते पाहतात. पकड घट्ट निघाली तर टॉक्सोप्लाझ्माच्या बाबतीत संसर्ग साधारण चार महिन्यांहून आणि सायटोमेगॅलोव्हायरसच्या बाबतीत तीन महिन्यांहून जुना समजतात. नमुना पहिल्या तिमाहीतला असेल तर संसर्ग गर्भधारणेआधीचा ठरतो आणि काळजीचे मोठे कारण दूर होते. पकड सैल निघाली तर उलट निष्कर्ष तितका पक्का नसतो, कारण काहींच्या शरीरात ती बराच काळ सैलच राहते. म्हणून नमुना लवकर घेणे महत्त्वाचे आहे. सहाव्या महिन्यात घट्ट पकड सापडली तर सुरुवातीच्या आठवड्यांत काय झाले असावे हे तिच्यावरून सांगता येत नाही.

सायटोमेगॅलोव्हायरसवर अधिक सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण जन्मजात विषाणू संसर्गांत हा सर्वांत जास्त आढळतो आणि आनुवंशिक कारणे वगळता मुलांमधल्या जन्मजात बहिरेपणाचे ते एक प्रमुख कारण आहे. आईला गरोदरपणात हा संसर्ग पहिल्यांदाच झाला तर तो गर्भाला लागण्याची शक्यता सुमारे ३० ते ४० टक्के असते. आधी होऊन गेलेल्या संसर्गाने पुन्हा डोके वर काढले, किंवा दुसऱ्या वाणाचा विषाणू शिरला, तर ती साधारण १ टक्क्याच्या आसपास येते. यावरून ‘आयजीजी सकारात्मक, म्हणजे सुरक्षित’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. पण ज्या समाजात जवळजवळ सगळ्याच स्त्रियांना बालपणीच हा संसर्ग होऊन गेलेला असतो तेथे बाधित बाळांपैकी बहुतेक जण अशाच ‘सुरक्षित’ आयांच्या पोटी जन्मतात. शक्यता अल्प असली तरी ती लागू पडणाऱ्या स्त्रियांची संख्या फार मोठी असते. या विषाणूपुरते आईचे प्रतिपिंड हे अपुरे कवच आहे आणि अहवालातला आयजीजीचा ठळक आकडा तसे कुठेही सांगत नाही. उलट, आयजीजी नकारात्मक असलेल्या स्त्रीला मिळणारी माहिती अधिक उपयोगाची असते. तीन वर्षांखालील मुलांच्या लाळेत आणि लघवीत हा विषाणू महिनोन् महिने असू शकतो. त्यामुळे लंगोट बदलल्यावर हात धुणे, मुलाचा उष्टा चमचा किंवा पेला न वापरणे, ओठांवर मुका न घेणे या साध्या गोष्टींना अशा स्त्रीच्या बाबतीत खरा अर्थ आहे, आणि घरात लहान मूल असताना दुसऱ्यांदा गरोदर राहिलेल्या स्त्रीला तर अधिकच.

या घटकाच्या बाजूने अलीकडे एक मुद्दा जोडला गेला आहे, तो नोंदवला नाही तर परीक्षण एकांगी होईल. इस्राएलमध्ये झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गरोदरपणाच्या सुरुवातीला पहिल्यांदा संसर्ग झालेल्या स्त्रियांना व्हॅलासायक्लोव्हिर हे औषध दिवसाला ८ ग्रॅम या मोठ्या मात्रेत दिले असता गर्भाला संसर्ग पोहोचण्याचे प्रमाण ३० टक्क्यांवरून ११ टक्क्यांवर आले. म्हणजे पहिल्या तिमाहीतच, अव्हिडिटीसह आणि तज्ज्ञाच्या देखरेखीखाली केलेली या एका विषाणूची तपासणी आता पूर्वीइतकी निरर्थक राहिलेली नाही. गर्भाला संसर्ग झाला आहे का याचे उत्तर मात्र आईच्या रक्तातून मिळत नाही. त्यासाठी गर्भजल काढून त्यात विषाणूची जनुकीय खूण शोधतात, आणि तेही साधारण २०व्या आठवड्याच्या सुमारास व आईच्या संसर्गाला सहा ते आठ आठवडे होऊन गेल्यावर. विषाणू गर्भाच्या मूत्रपिंडांत वाढून लघवीवाटे गर्भजलात उतरायला तेवढा अवधी लागतो.

टॉक्सोप्लाझ्माबद्दल माझे मत मध्यम आहे. फ्रान्सने १९७८ साली या संसर्गासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आखला आणि १९९२ पासून संसर्ग न झालेल्या गर्भवतींची दरमहा तपासणी ठेवली. त्या पद्धतीत एका अहवालापेक्षा अहवालांच्या मालिकेला महत्त्व होते; आयजीजी नकारात्मकचे सकारात्मक झाले की संसर्ग मागच्या महिन्यात झाला हे नेमके कळे आणि औषध सुरू करता येई. गरोदरपणात एकदाच केलेला आयजीजी-आयजीएमचा जोड ही माहिती देऊ शकत नाही. अहवाल नकारात्मक आला तर मांस पूर्ण शिजवून खाणे, मातीत हात घातल्यावर ते धुणे, मांजराची विष्ठा स्वतः न काढणे ही पथ्ये पाळायची, आणि खरे तर अहवाल न काढताही तीच पाळायची असतात.

हर्पिसचा रकाना मी संचातून सरळ काढून टाकीन. नवजात बाळांना होणाऱ्या हर्पिसपैकी सुमारे ८५ टक्के संसर्ग प्रसूतीच्या वेळी जन्ममार्गातून होतो, वारेतून फार क्वचित. खरा धोका असतो तो शेवटच्या आठवड्यांत आईला जननेंद्रियांचा हर्पिस पहिल्यांदाच झाला तर, कारण तेव्हा तिची प्रतिपिंडे तयार होऊन बाळापर्यंत पोहोचायला वेळच उरलेला नसतो. अशा वेळी बाळाला संसर्ग होण्याची शक्यता ३० ते ५० टक्के असते. त्याचे निदान फोडांच्या तपासणीवरून होते, आणि तेव्हा शस्त्रक्रियेने प्रसूतीचा निर्णय घेतात. तिसऱ्या महिन्यात काढलेल्या आयजीएमचा या निर्णयाशी काहीही संबंध नाही.

या संचात जे आहे त्यापेक्षा जे नाही त्याची उणीव मला अधिक खटकते. नावातला ‘इतर’ हा शब्द राहिला, पण त्याखाली येणारे संसर्ग बहुतेक पॅनेलांत मोजलेच जात नाहीत. सिफिलिस, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी या तिन्हींची तपासणी खात्रीची आहे आणि तिच्या उत्तरावर तत्काळ काही करता येते. सिफिलिस सापडला तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनाने आई आणि गर्भ दोघांवर उपचार होतात, आणि ते प्रसूतीच्या निदान महिनाभर आधी व्हावे लागतात. एचआयव्हीमध्ये काहीच न केल्यास आईकडून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते आणि योग्य औषधोपचाराने ती ५ टक्क्यांच्या खाली जाते. हिपॅटायटिस बी प्रामुख्याने जन्माच्या वेळी पसरतो, म्हणून जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) दिले जाते, आणि आईच्या रक्तात विषाणू फार असेल तर शेवटच्या तिमाहीत तिला टेनोफोव्हिर हे विषाणूरोधक औषध देतात. टॉर्च झाली म्हणून या तीन तपासण्या मागे पडल्या, असे एकाही स्त्रीच्या बाबतीत होऊ नये. कांजिण्यांचेही तसेच: लहानपणी त्या झाल्या होत्या का हे आठवत नसेल आणि आता संपर्क आला असेल, तर आयजीजी तातडीने पाहावे, कारण संरक्षक इम्युनोग्लोब्युलिन देण्याची मुदत संपर्कानंतर दहाच दिवसांची असते.

वारंवार होणाऱ्या गर्भपातांसाठी हा संच मागवण्याची प्रथा तर बंदच व्हायला हवी. हे संसर्ग एकदा झाल्यावर शरीर प्रतिपिंडे राखते, त्यामुळे पुन्हा पुन्हा गर्भ पडण्याचे स्पष्टीकरण त्यांतून मिळत नाही, आणि ब्रिटनमधील प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या मार्गदर्शनातही या कारणासाठी ही तपासणी सोडून द्यावी असेच म्हटले होते. जुन्या संसर्गाचे आयजीजी पाहून महिनोन् महिने औषधे घेत राहिलेल्या स्त्रियांचे कागद मी पाहिले आहेत. ज्या आकड्यावर उपचार चालले होते तो बहुतांश निरोगी लोकांच्या रक्तात असतोच.

गर्भाचे संरक्षण वाढवण्यासाठी काही करायचेच असेल तर तपासणीपेक्षा लसीचे पारडे जड आहे, कारण लस थेट एफसीआरएनच्या वाहतुकीला माल पुरवते. धनुर्वाताची लस हे याचे जुने आणि सिद्ध उदाहरण. डांग्या खोकल्याची लस अमेरिकेत २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान देतात. ब्रिटनमध्ये २०१२ साली ती गर्भवतींना देऊ लागल्यावर अगदी लहान बाळांना त्या आजारापासून सुमारे ९० टक्के संरक्षण मिळाल्याचे आढळले. श्वसनमार्गाच्या आरएसव्ही विषाणूविरुद्धची आईला द्यायची लस अमेरिकेत २०२३ साली मंजूर झाली, तीही ३२ ते ३६ आठवड्यांसाठी. या आठवड्यांची निवड वाहतुकीच्या वेगाशी जुळते; आरएसव्हीच्या लसीत मात्र अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा संभाव्य धोका टाळणे हेही कारण होते. इन्फ्लुएन्झाची लस कोणत्याही तिमाहीत चालते, कारण ती बाळाइतकीच आईसाठीही असते.

तेव्हा कोणाला घ्यावे आणि कोणी टाळावे? गर्भधारणेचा विचार करणाऱ्या स्त्रीने रुबेला आणि कांजिण्यांचे आयजीजी सुटे मागावे. गर्भारपणात पुरळ, लांबलेला ताप, मानेत गाठी अशी लक्षणे असतील, रुग्णाशी संपर्क आला असेल, किंवा सोनोग्राफीत गर्भाच्या मेंदूत, यकृतात अथवा आतड्यांत संशयास्पद खुणा दिसल्या असतील, तर ज्या जंतूचा संशय आहे त्याची आयजीजी, आयजीएम आणि अव्हिडिटी एकत्र करावी. गर्भाला सूज किंवा पंडुरोग दिसत असेल तर पार्व्होव्हायरस बी१९ विसरू नये, कारण तो या संचात नसतो आणि त्यावर गर्भाला रक्त देण्यासारखा उपचार उपलब्ध आहे. ज्यांना काही लक्षण नाही आणि संपर्कही नाही त्यांनी संपूर्ण पॅनेल नाकारण्यास हरकत नाही.

आणि ज्यांच्या हातात सकारात्मक आयजीएम आधीच आलेले आहे त्यांनी औषध किंवा अन्य कोणताही निर्णय घेण्याआधी तीन गोष्टी मागाव्यात: त्याच नमुन्यावर अव्हिडिटी, दोन-तीन आठवड्यांनी घेतलेल्या दुसऱ्या नमुन्याची त्याच प्रयोगशाळेत पहिल्या नमुन्याच्या सोबतीने तपासणी, आणि पहिल्या भेटीच्या वेळी काढलेले रक्त कोठे जपून ठेवलेले असल्यास त्यावरही तीच तपासणी. त्या जुन्या नमुन्यात आयजीजी सापडले, तर संसर्ग तेव्हाच होऊन गेलेला होता हे कळते आणि बहुतेक वेळा गर्भजल काढण्याची वेळच येत नाही.